संकेतस्थळ-अभिकल्प : साधनांची निवड

इंटरनेटवरील संकेतस्थळाची आखणी, मांडणी, निर्मिती व पुढील देखभाल यांसाठी ज्या संगणकीय आज्ञावल्या वापरतात, त्यांना संकेतस्थळ-अभिकल्पाची साधने म्हणतात. मजकुराला एचटीएमएल या खुणांच्या भाषेत शीर्षक, परिच्छेद, सारणी, दुवा असे रूप देणे, सीएसएस या भाषेच्या साहाय्याने त्याचे रंग, अक्षरांचे आकार व अंतरे ठरविणे, वाचकाच्या क्रियेला पृष्ठाने प्रतिसाद द्यावा यासाठी जावास्क्रिप्टची योजना करणे आणि हे सर्व सर्व्हरवर ठेवून त्यात वेळोवेळी बदल करणे ही कामे या साधनांनी होतात. वाचकापर्यंत प्रत्यक्ष साधन पोहोचत नाही. साधनाने निर्माण केलेल्या फायली तेवढ्या पोहोचतात. म्हणून साधनाची निवड करताना ते हाताळण्यास किती सुलभ आहे, याबरोबरच त्याचा वापर थांबल्यावर मागे काय उरेल, याचा विचार करावा लागतो. मराठी मजकुराच्या बाबतीत हा विचार विशेष महत्त्वाचा आहे. पहिल्या दशकातील मराठी संकेतस्थळांवरील पुष्कळ लेखन आज वाचता येत नाही आणि त्याचे कारण साधनांच्या निवडीत आहे.

पार्श्वभूमी : टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हा येथील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली व १९९० मध्ये पहिला ब्राउझर तयार केला. या ब्राउझरमध्ये पृष्ठ वाचण्याबरोबर लिहिण्याचीही सोय होती. तथापि तो नेक्स्ट या एकाच जातीच्या संगणकावर चालत असे. इतर संगणकांसाठी जे ब्राउझर निघाले ते प्रायः केवळ वाचण्याचे होते. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या केंद्रात तयार झालेल्या मोझेक ब्राउझरमुळे वेबचा प्रसार झपाट्याने झाला. पण त्यानेही लिहिण्याची बाजू वगळली. अशा रीतीने वाचणे आणि लिहिणे यांची जी फारकत झाली, तीतून अभिकल्पाच्या साधनांचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये आली आणि सीएसएसची पहिली शिफारस १९९६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तोपर्यंत पृष्ठाची मांडणी सारण्यांच्या अदृश्य चौकटींत मजकूर कोंबून करीत आणि ही सवय पुढेही बरीच वर्षे टिकली.

प्रकार : सर्वांत साधे साधन म्हणजे मजकूर-संपादक होय. यात लेखक एचटीएमएल व सीएसएस स्वहस्ते लिहितो. व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा २०१५ मध्ये आलेला संपादक या वर्गात विशेष प्रचलित आहे. दुसऱ्या वर्गात पडद्यावर जसे दिसते तसे पृष्ठ मांडून त्याची संकेतावली आपोआप तयार करणाऱ्या आज्ञावल्या मोडतात. फ्रंटपेज व १९९७ मध्ये निघालेली ड्रीमवीव्हर ही त्यांची उदाहरणे होत. तिसरा वर्ग मजकूर-व्यवस्थापन प्रणालींचा. यांत लेखन एका माहितीसंचात साठविले जाते आणि वाचकाने मागणी केली की साच्यात बसवून त्याचे पृष्ठ बनविले जाते. ड्रूपल (२००१), वर्डप्रेस (२००३) व जुमला (२००५) या प्रणाली मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. विक्स, स्क्वेअरस्पेस यांसारख्या सेवांमध्ये साधन, साचा व सर्व्हर ही तिन्ही एकाच कंपनीकडून भाड्याने मिळतात. याखेरीज पृष्ठ प्रत्यक्ष बनविण्यापूर्वी त्याचे रेखाटन करण्यासाठी स्केच, फिग्मा, पेनपॉट इ. साधने आहेत. जेकिल, ह्यूगो इ. साधने साध्या मजकूर-फायलींवरून संपूर्ण संकेतस्थळाची तयार पृष्ठे एकदाच काढून ठेवतात. रिअ‍ॅक्ट, व्ह्यू यांसारखी जावास्क्रिप्टची ग्रंथालये अभिकल्पकापेक्षा कार्यक्रमकाच्या कामाची असली, तरी हल्ली दोघांतील सीमारेषा पुसट झाली आहे. [⟶ संगणक].

कोणत्या प्रकारचे साधन चांगले, या प्रश्नाला सर्वसाधारण उत्तर नाही. एखाद्या ग्रामीण वाचनालयाला पाच पृष्ठांचे, वर्षातून दोनदा बदलणारे संकेतस्थळ हवे असेल, तर त्यासाठी माहितीसंचावर चालणारी प्रणाली बसविणे म्हणजे निष्कारण देखभालीचा भार ओढवून घेणे होय. उलट, रोज चार जणांनी बातम्या लिहावयाच्या असतील, तर हाताने लिहिलेली एचटीएमएल लवकरच विस्कळीत होते. तेथे मजकूर-व्यवस्थापन प्रणालीच हवी. साच्याची पसंती सहसा पहिल्या दिवशी होते आणि मजकूर कोण लिहिणार, हा प्रश्न तिसऱ्या महिन्यात निघतो. व्यवहारातील हा क्रम उलटा करणे श्रेयस्कर.

साधनांचे आयुष्य : गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहिल्यास साधने अल्पायुषी आणि फायली दीर्घायुषी असल्याचे आढळते. फ्रंटपेज ही आज्ञावली मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये विकत घेतली व दहा वर्षांनी बंद केली. तिच्यातील अर्ज, शोध, भेटींची मोजणी यांसारख्या सोयी चालण्यासाठी सर्व्हरवरही तिचेच जोडभाग असावे लागत. त्यामुळे सर्व्हर बदलताच संकेतस्थळातील साधा मजकूर शाबूत राही. पण या सोयी निकामी होत. अ‍ॅडोबी कंपनीने म्यूज या साधनाचा आधार २०२० मध्ये काढून घेतला. मजकूर-संपादकांपैकी ब्रॅकेट्स २०२१ मध्ये व अ‍ॅटम २०२२ मध्ये बंद झाले. मात्र त्यांत लिहिलेल्या फायली साध्या मजकुराच्या असल्याने वापरणाऱ्यांनी त्या दुसऱ्या संपादकात उघडल्या व काम पुढे चालू ठेवले. रेखाटनाच्या साधनांत अ‍ॅडोबी कंपनीने २०२२ मध्ये फिग्मा विकत घेण्याचा करार केला होता. तो डिसेंबर २०२३ मध्ये रद्द झाला. अ‍ॅडोबीचे स्वतःचे एक्सडी हे साधन मात्र दरम्यानच्या काळात जवळजवळ सोडून दिल्यासारखे झाले.

या संदर्भात फ्लॅशचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. १९९६ मध्ये निघालेल्या या साधनाने हलती चित्रे, ध्वनी व खेळ वेबवर आणले. त्या काळात एचटीएमएलला जे शक्य नव्हते ते फ्लॅशने साधले, हे मान्य केले पाहिजे. सुमारे २००० पासून अनेक संस्थांनी संपूर्ण संकेतस्थळेच फ्लॅशमध्ये बांधली. परंतु त्यांतील मजकूर एका बंदिस्त फायलीत असे आणि ती दाखविण्यासाठी ब्राउझरला वेगळा जोडभाग लागे. २००७ मध्ये आलेल्या आयफोनवर हा जोडभाग कधीच उपलब्ध झाला नाही. पुढे ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने फ्लॅशचा आधार थांबविला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्या जोडभागाने आशय दाखविणेही बंद केले. रफल या अनुकारी आज्ञावलीमुळे काही जुने आविष्कार पुन्हा पाहता येतात. पण व्यापारी वा शैक्षणिक संकेतस्थळांची फ्लॅशमधील पृष्ठे कोणी जपून ठेवल्याखेरीज परत मिळत नाहीत. याउलट, स्पेस जॅम या चित्रपटासाठी वॉर्नर ब्रदर्सने १९९६ मध्ये बनविलेले संकेतस्थळ साध्या एचटीएमएलमध्ये, सारण्या व लहान चित्रे वापरून केलेले होते. अभिकल्प म्हणून ते आज बाळबोध वाटते. तरीही पाव शतकानंतर, २०२१ मध्ये त्या चित्रपटाचा पुढील भाग आला तेव्हा ते नव्या ब्राउझरमध्ये जसेच्या तसे उघडत होते.

भाड्याच्या सेवांमध्ये धोक्याचे स्वरूप थोडे निराळे असते. जिओसिटीज या सेवेवर १९९४ पासून लाखो लोकांनी विनामूल्य पृष्ठे उभारली. याहूने ती सेवा १९९९ मध्ये विकत घेतली व २००९ मध्ये अमेरिकेत बंद केली. अशा सेवेत संकेतस्थळ उभारणे सुकर असते आणि छोट्या दुकानदाराला किंवा कलावंताला तिचाच अवलंब करणे सोयीचे पडते. तथापि मजकूर, चित्रे व पृष्ठांचे पत्ते दुसरीकडे नेता येतील अशा स्वरूपात बाहेर काढता येतात काय, हे पैसे भरण्यापूर्वी प्रत्यक्ष करून पाहावे. काही सेवा मजकूर देतात, पण मांडणी देत नाहीत. काही दोन्हींपैकी काहीच देत नाहीत. मुक्त परवान्याच्या प्रणालींतही हा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. वर्डप्रेसमधील लेखन एका फायलीत बाहेर काढता येते. पण पृष्ठे ओढून-मांडून रचणारे काही पूरक भाग मजकुरातच स्वतःच्या सांकेतिक खुणा पेरतात. तो पूरक भाग काढला की प्रत्येक लेखात चौकटी कंसांतील निरर्थक खुणा विखुरलेल्या दिसतात. संकेतस्थळाचा पत्ता संस्थेच्या स्वतःच्या नावावर नोंदविलेला असणे ही या सर्वांहून प्राथमिक दक्षता होय. बांधणाऱ्याच्या नावावर तो असेल, तर बाकीची निवड कितीही चांगली असून उपयोग नाही.

देवनागरी लिपी व साधने : १९९० नंतरच्या दशकात मराठी संकेतस्थळे निघू लागली तेव्हा बहुतेक साधनांना २५६ चिन्हांपलीकडचा अक्षरसंच माहीत नव्हता. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले होते आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली होती. परंतु ब्राउझर व संपादक यांमध्ये त्यांचा आधार नव्हता. तेव्हा व्यवहारात एक तोडगा काढण्यात आला. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे, म्हणजे अर्धी व्यंजने, काने, वेलांट्या, रफार इ. बसवून फाँट तयार करण्यात आले. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमन अक्षरांची अर्थहीन माळच राही. विशिष्ट फाँट असेल तरच तिला मराठीचे रूप येई. प्रत्येक निर्मात्याच्या फाँटमध्ये तुकड्यांच्या जागा वेगळ्या असल्याने एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडत नसे. वाचकाने फाँट आधी उतरवून घ्यावा, अशी सूचना मुखपृष्ठावर छापण्याचा प्रघात होता. फाँट पृष्ठाबरोबर आपोआप पाठविण्याच्या दोन पद्धती नंतर निघाल्या. त्यांपैकी एक नेटस्केपमध्ये व दुसरी इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाले. नेटस्केपचा काळ संपताच पहिली निरुपयोगी झाली आणि दुसरी कालांतराने इंटरनेट एक्सप्लोररबरोबर मागे पडली.

या पद्धतीने लिहिलेल्या मजकुरात शोध घेता येत नाही, त्याची अकारविल्हे मांडणी होत नाही आणि फाँट हरवल्यास तो वाचताही येत नाही. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्यास प्रत्येक फाँटसाठी स्वतंत्र तक्ता लागतो. अशा फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसण्याच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठविलेली असते, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येते. रफाराचीही अशीच उलटापालट करावी लागते. रूपांतरानंतर मुद्रितशोधन केल्यावाचून मजकूर विश्वसनीय होत नाही. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फाँट आल्यावर परिस्थिती पालटू लागली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यातील लेखन युनिकोडमध्ये असल्याने सुरुवातीच्या नोंदी आजही शोधता व दुरुस्त करता येतात. भारत सरकारने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण ठरविले. छपाईच्या व्यवसायात मात्र जुन्या फाँटचा वापर दीर्घकाळ चालू राहिला. छापण्यासाठी जुळविलेला मजकूर थेट संकेतस्थळावर चढविताना ही अडचण अजूनही उद्भवते.

युनिकोडमुळे सर्व प्रश्न मिटले असे नाही. साधनाची पारख करण्यासाठी ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ ही शब्दांची जोडी त्यात लिहून, साठवून, पुन्हा उघडून पाहावी. पहिला शब्द गुरुजनांविषयी व दुसरा स्वयंपाक्यांविषयी आहे. दुसऱ्यातील अर्धा र काही कळफलकांतून अदृश्य जोडचिन्हाच्या साहाय्याने लिहिला जातो. मजकूर स्वच्छ करण्याच्या नावाखाली काही प्रणाली ते अदृश्य चिन्ह काढून टाकतात आणि जेवणाचे निमंत्रण भलत्याच मंडळींना जाते. माहितीसंच केवळ रोमन अक्षरांसाठी मांडलेला असेल, तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठविली जातात. या अवस्थेतून मूळ मजकूर कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.

रेखाटनाच्या साधनांत वेगळ्या अडचणी येतात. काही चित्रसंपादक आज्ञावल्यांमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मजकूर-रचना वेगळी निवडावी लागते. ती न निवडल्यास जोडाक्षरे सुटी होतात व वेलांटी चुकीच्या जागी पडते. रोमन लिपीतील शीर्षकांना शोभा आणण्यासाठी अक्षरांमध्ये अंतर वाढविण्याची रीत आहे. तीच देवनागरीला लावल्यास शिरोरेषा ठिकठिकाणी तुटते. देवनागरीत वर अनुस्वार, मात्रा व रफार आणि खाली उकार असल्याने ओळींमध्येही अधिक जागा लागते. तयार साचे बहुधा निरर्थक लॅटिन मजकूर भरून दाखविलेले असतात. त्यात ‘विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्त्या’ असे शीर्षक घातले की ते दोन ओळींवर जाते आणि मोबाइलच्या पडद्यावर बटणाबाहेर सांडते. म्हणून साच्याची निवड खरा मराठी मजकूर भरून पाहिल्यानंतरच करावी. पृष्ठाची भाषा मराठी आहे असे एचटीएमएलमध्ये नमूद करण्याची सोयही साधनात असली पाहिजे. ही नोंद असल्यास, ज्या फाँटमध्ये तशी योजना आहे त्यांत ल आणि श यांची मराठी वळणाची रूपे आपोआप येतात. नसल्यास हिंदी वळणाची दिसतात. मुंबईतील एक टाइप या अक्षर-अभिकल्पकांच्या समूहाचे मुक्त व बलू हे फाँट मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्यामुळे देवनागरी फाँटची पूर्वीची टंचाई आता राहिलेली नाही. मात्र जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाइल रोमनपेक्षा मोठी असते आणि संथ जोडणीवर ती उतरण्यास वेळ लागतो. आकार कमी करण्यासाठी फाँटमधून अक्षरे वगळणारे साधन जोडाक्षरेही वगळत नाही ना, हे तपासणे आवश्यक आहे. [⟶ देवनागरी लिपि].

सुगम्यता : दृष्टिहीन वाचक पडद्यावरील मजकूर उच्चारून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने वाचतात. एनव्हीडीए ही अशी विनामूल्य आज्ञावली मराठीही वाचते. मात्र त्यासाठी शीर्षक हे शीर्षक म्हणून, अर्जातील रकाना त्याच्या नावासह आणि मजकूर अक्षरांच्या रूपात असावा लागतो. जोडाक्षरे मोडतात म्हणून मराठी शीर्षके, किंबहुना संपूर्ण परिपत्रके, चित्ररूपाने लावण्याची जी सोपी वाट अनेक ठिकाणी धरली जाते, तिच्यामुळे या वाचकांपुढे कोरी जागा येते. सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष १९९९ पासून प्रसिद्ध होत आले असून त्यांची २·२ ही आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. भारतात शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये तयार झाली व दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये संमत झाला. साधनाची माहितीपत्रके काहीही सांगोत, माउस बाजूला ठेवून केवळ कळफलकाने एक अर्ज पूर्ण भरून पाहिला की साच्याचा कस कळतो.

देखभाल व खर्च : मजकूर-व्यवस्थापन प्रणाली व तिचे पूरक भाग यांतील सुरक्षेच्या त्रुटी वारंवार उघडकीस येतात व त्या दुरुस्त करणाऱ्या आवृत्त्या निघतात; त्या वेळेवर न बसविल्यास संकेतस्थळ परक्यांच्या हाती जाते. पूरक भाग जितके कमी तितकी ही जोखीम कमी. आधी काढून ठेवलेल्या पृष्ठांच्या संकेतस्थळावर माहितीसंच नसल्याने तेथे चिंता बरीच हलकी होते, परंतु दुरुस्ती करण्यास जाणकार माणूस लागतो. मुक्त परवान्याच्या साधनाला मूल्य पडत नाही. सर्व्हरचे भाडे, पत्त्याचे वार्षिक शुल्क आणि देखभाल करणाऱ्याचे मानधन द्यावेच लागते. संस्थांच्या अंदाजपत्रकांत उभारणीचा खर्च धरलेला असतो आणि देखभालीचा बहुधा नसतो.

साध्या भाषेतील सूचनेवरून पृष्ठाची संकेतावली लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने २०२३ पासून सर्रास वापरात येऊ लागली आहेत. त्यांच्यामुळे पहिला आराखडा काही मिनिटांत तयार होतो. मिळालेली फाइल वापरणाऱ्याच्या हाती साध्या मजकुराच्या रूपात राहत असेल, तर ती इतर कोणत्याही संपादकात उघडून वरील कसोट्या तिला लावता येतात. भाषेची नोंद, रकान्यांची नावे व मोबाइलवरील मांडणी त्यात स्वतंत्रपणे तपासावी लागते.

बंद पडलेल्या संकेतस्थळांच्या प्रती जतन करण्याचे कार्य सॅन फ्रॅन्सिस्को येथील इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून करीत असून तिचा संग्रह २००१ पासून सर्वांना खुला आहे. जुन्या मराठी संकेतस्थळांची काही पृष्ठे त्यात सापडतात. युनिकोडमधील पृष्ठे तेथे सरळ वाचता येतात. जुन्या फाँटमधील पृष्ठांवर मात्र चित्रे व रंगीत पट्ट्या जागच्या जागी असतात आणि मजकुराच्या ठिकाणी रोमन अक्षरांच्या ओळी दिसतात. तो मजकूर वाचण्यासाठी प्रथम मूळ फाँट मिळवावा लागतो.